पाव मिलिमीटर

माझ्या लेकीनं एफच्या कॉर्डपाशी गिटार सोडली.

चौदावा वाढदिवस झाल्यावर हट्टानं मागून घेतलेली पांढरी, तीन पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या तीन चुंबकी वेटोळ्यांची, इलेक्ट्रिक गिटार. पहिले दोन महिने ती शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि पट्टा गळ्यात अडकवायची. कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचे काही स्वर. ई झाला, ए झाला, डी झाला. मग एफ आला. तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, आडवी पसरून सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचे स्वर धरायचे. तिच्या बोटावर तारांच्या रेघा उमटायच्या आणि आवाज मात्र निघायचा ठप्प. आठ दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस. मग एके दिवशी गिटार कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत गेली आणि तिथेच राहिली.

मी तिला म्हणाले, "तुझा हात लहान आहे गं अजून. मोठी झालीस की जमेल." मायेनं म्हणाले, पण चुकीचं बोलले. मी तिच्या हाताला दोष दिला आणि त्या लाकडा-लोखंडाच्या वस्तूकडे वळूनही पाहिलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मी तंबोऱ्याच्या घरात वाढलेली बाई आहे.

माझी मावशी नारायण पेठेत राहते. आता पंचाहत्तरीची आहे. लहानपणी तिच्याकडे गाणं शिकायला जायचे तेव्हा पहिला अर्धा तास गाणं नसायचंच. ती मिरजेचा तंबोरा मांडीवर घ्यायची, खुंट्या पिळायची, घोडीखालचे मणी केसभर सरकवायची, जवारीवरचा, म्हणजे स्वर झणझणवणाऱ्या घोडीच्या माथ्यावरचा, दोरा पुढे-मागे करायची. आम्ही मुली चुळबुळ करायचो. जवारी लागत नसेल तर ती शिकवणी रद्द करायची, पण न लागलेल्या तंबोऱ्यावर आम्हाला गाऊ द्यायची नाही. "वाद्य चुकलं तर गळा चुकायला शिकतो," असं म्हणायची. हे ऐकून मोठी झालेली मी, आणि पोरीला सांगते की तुझा हात लहान.

मावशीला फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं, की गिटार पडून आहे.

"वाद्य लावलंय का नीट?"

"ट्यूनर आहे तिच्याकडे."

"सुराचं नाही विचारत. वाद्य लावलंय का?"

मराठीत आपण दोन्हीला 'लावणं'च म्हणतो, त्यामुळे हा प्रश्न दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय मला कळला नाही. गिटारवाले त्याला सेटअप म्हणतात. तारा किती उंच, मान किती वाकलेली, कोणत्या तारेची लांबी किती, हे सगळं जागच्या जागी बसवणं. खोक्यातून आलेल्या स्वस्त गिटारीचं ते बहुतेक वेळा झालेलं नसतं. कारखान्यातून निघते, जहाजातून येते, गोदामात महिनोन्महिने पडते आणि मग पुण्याच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत एखाद्या मुलीच्या हातात पडते. विकणाऱ्यानं आम्हाला पट्टा दिला, केबल दिली, तारा छेडायची चार प्लेक्ट्रम दिली. वाद्य लावून घ्या, असा शब्द कोणी काढला नाही. हे मला फार लागतं. कितीतरी मुलांनी "आपल्याला जमत नाही" असं मनाशी ठरवून वाद्य सोडलं असेल, आणि दोष असेल अर्ध्या मिलिमीटरचा.

एका रविवारी गिटार फटीतून बाहेर काढली, पुसली आणि वाचायला, बघायला बसले. पहिलं कळलं ते हे, की मोजायचं आहे पाव मिलिमीटर. पाव मिलिमीटर डोळ्यानं मोजता येत नाही. त्याला फीलर गेज लागतो.

तो मी आधी पाहिलेला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुचाकींचं गॅरेज आहे. तिथले काका माझ्या गाडीचं टॅपेट सेट करताना चाकूसारखी उघडणारी पोलादी पानं काढून त्यातलं एक फटीत सरकवायचे. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली. मी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं ताई गाडीला?"

"गाडीला नाही काका. गिटारीला."

त्यांनी हात फडक्याला पुसले. "क्लिअरन्स किती ठेवायचाय?"

"पाव मिलिमीटर."

"म्हणजे पंचवीसची पत्ती." त्यांनी पत्त्यांमधून ०.२५ची उघडून दाखवली, आणि मला कुठल्याच व्हिडिओत इतक्या नेमकेपणानं न मिळालेली गोष्ट सांगितली. "ढकलायची नाही. फटीत घातल्यावर पत्ती दोन्हीकडून नुसती लागली पाहिजे, अडली नाही पाहिजे. हाताला कळतं." तो गेज त्यांनी मला दोन दिवस वापरायला दिला. पुढे मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानातून स्वतःचा घेतला.

बाकीच्या वस्तू बोहरी आळीत मिळाल्या. सहा इंची स्टीलची पट्टी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची. लेकीनं आधी कंपास पेटीतली प्लास्टिकची पट्टी आणली होती, पण त्या पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो. फ्रेटवर उभी धरली की तेवढीच चूक प्रत्येक मापात शिरते. स्टीलच्या पट्टीचा शून्य म्हणजे तिचं टोकच. एवढ्याशा फरकावर सगळं मोजमाप उभं आहे, हे पोरीला दोन पट्ट्या शेजारी धरून दाखवलं.

अॅलन की मागितल्यावर दुकानदारानं लगेच विचारलं, "एमएम का इंची?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेत बनलेल्या गिटारींना बरेचदा इंचाच्या मापाच्या चाव्या लागतात, आशियात बनलेल्यांना बहुधा मिलिमीटरच्या. इंचाचा आठवा भाग म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. त्यात ३ मिलिमीटरची चावी शिरते, बसल्यासारखी वाटते, आणि जोर दिला की आतले कोपरे गोल करून टाकते. मानेतल्या चावीच्या जागेचे कोपरे गेले तर दुरुस्ती गिटारीच्या किमतीला जाते. चावी थोडीसुद्धा हलत असेल तर ती चावी चुकीची. आमच्या गिटारीला मानेसाठी ४ मिलिमीटरची आणि तारांच्या उंचीसाठी दीड मिलिमीटरची लागली. शिवाय एक नंबरचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर, तारा कापायचा कटर आणि मानेखाली ठेवायला जुन्या सोलापुरी चादरीची गुंडाळी. तार गुंडाळायची फिरकी घेतली नसती तरी चाललं असतं. ट्यूनर लेकीकडे होता. या सगळ्याचा खर्च मिळून तारांच्या दोन चांगल्या संचांएवढा झाला.

कामाला सुरुवात नव्या तारांपासून. जुन्या गंजक्या तारांवर सेटअप करणं म्हणजे वाया गेलेली दुपार. आमच्या गिटारीवर दहाच्या तारा होत्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या दहापट जाडीची आणि सगळ्यात जाड ४६ची. मी नऊचा संच घेतला, ९ ते ४२. लेकीला वाटलं, एका आकड्यानं काय होतं. पण स्वरात लावल्यावर दहाच्या संचाचा मानेवरचा एकूण ताण साधारण ४७ किलो असतो, नऊच्या संचाचा सुमारे ३८. मानेच्या टोकाला जवळजवळ सिमेंटचं पोतं लटकलेलं असतं आणि ते रात्रंदिवस ओढत असतं.

त्या ओढीनं मान पुढे वाकते. तिला मागे धरायला मानेच्या आत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी तिचं पेटंट १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलं. बाहेरून दिसते ती फक्त एक चावी घालायची जागा, आमच्या गिटारीत मानेच्या डोक्याशी. चावी उजवीकडे फिरवली की सळई ताणते आणि मान सरळ होते. डावीकडे फिरवली की सैल पडते आणि बाक वाढतो. मान पूर्ण सरळही नको असते. तार वाजते तेव्हा ती मधोमध सगळ्यात जास्त हेलकावते, तिला जागा हवी. म्हणून मानेला अगदी थोडा बाक ठेवायचा, आणि तो थोडा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर.

मोजायची रीत मला फार आवडली, कारण त्यात वाद्यच स्वतःची पट्टी होतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा. मान जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड तार बोटानं दाबायची. आता ताणलेली तार म्हणजे सरळ रेघ. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर, त्या रेघेखाली जी फट दिसते तो बाक. आमच्याकडे कॅपो नव्हता. लेकीनं दोन्ही टोकांना तार दाबून धरली आणि मी पत्ती सरकवली. पंचवीसची हवेत तरंगली. चाळीसचीही. साठची हलकेच लागली.

०.६० मिलिमीटर. हव्या त्याच्या दुपटीहून जास्त.

लेक काही बोलली नाही, पत्तीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे आधीपासून असंच होतं?"

"हो."

त्या 'हो'नं तिच्या चेहऱ्यावर जे झालं, त्यासाठी मी बोहरी आळीत दहा चकरा मारल्या असत्या.

चावी पाव फेरा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि अडकल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं. पाव फेरा दिला, परत स्वरात लावली, मोजलं, ०.४५. लाकडाला सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा. ०.२८. तिथे थांबलो. लेकीनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहिला, आणि ते पान अजून चालू आहे. जूनमध्ये पाऊस लागल्यावर आठवड्यानं मोजलं तर बाक वाढला होता. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसून फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात, आणि महिन्याभरात तीच हवा ओली. ज्या गावाला असे दोन टोकांचे ऋतू आहेत तिथे वर्षातून दोनदा तरी मान मोजलीच पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय.

फ्रेटबोर्ड शिसवीचा आहे हे मला तेव्हा कळलं. जगभरच्या गिटारींवर 'इंडियन रोजवुड' म्हणून जे लावतात ते आपलं शिसव, सह्याद्रीतलं. मावशीच्या घरचा पलंग त्याच लाकडाचा. २०१७ साली शिसवाच्या सगळ्या जातकुळीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे निर्बंध आले, तेव्हा जगभरचे गिटार बनवणारे अडचणीत आले होते. २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. फ्रेटबोर्डला तेलाचा हात देताना लेकीला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ही इकडची आहे." मानेचा तो काळसर तुकडा तरी नक्कीच.

आता उंची. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरली, तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजलं. ३ मिलिमीटर. घोडीवर प्रत्येक तारेखाली लोखंडी बसक असते, सॅडल, आणि तिला उंची कमी-जास्त करायचे दोन बारीक स्क्रू. जाड तार २ मिलिमीटरवर आणली, बारीक तार दीडच्या जरा वर, मधल्या चार त्या दोघींमध्ये फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे. आणखी खाली गेलं की तारा फ्रेटवर खरखरायला लागतात. इथे एका आकड्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. हलक्या हाताच्या माणसाला खालची उंची चालते, जोरात छेडणाऱ्याला नाही. लेक जोरात छेडते. एक तार थोडी वर घेतली.

हे सगळं करताना मनात एक धीर होता. या घाटाची गिटार, स्ट्रॅटोकास्टर, १९५४ साली बाजारात आली, आणि ती काढणारे लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणून की काय, त्यांच्या गिटारीची मान चार स्क्रूंवर निघते, प्रत्येक तारेची उंची वेगळी, लांबी वेगळी, सगळं साध्या हत्यारानं हलवता येतं. हे वाद्य उघडून बघणाऱ्या माणसासाठीच केलेलं आहे. आपण घरी चावी लावतो तेव्हा काही आगाऊपणा करत नसतो.

एवढं करूनही एफ वाजेना.

बराच सुधारला होता. पाचव्या फ्रेटवर तीच आडवी पकड लेकीला सहज जमायला लागली. पण पहिल्या फ्रेटवर अजून तोच ठप्प आवाज, आणि जो काही स्वर निघे तो ट्यूनरवर चढा दिसे. तेव्हा कुठे माझं लक्ष वरच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीकडे गेलं. नट. तंबोऱ्याच्या भाषेत अटी. तारा तिच्या खाचांमधून खुंट्यांकडे जातात. खाच उथळ राहिली तर तार पहिल्या फ्रेटवर उंच राहते. तिथे दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि खाली जाताना तार ताणली गेल्यामुळे स्वर चढतो. तपासायचं असं, की तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघायची. तिथे कागदाच्या जाडीएवढी फट असावी. आमच्याकडे पोस्टकार्ड सरकलं असतं.

इथे मी हात आखडता घेतला, आणि घरी पहिल्यांदाच हे करणाऱ्या प्रत्येकाला तसंच सांगेन. बाक उलटा फिरवता येतो, उंची परत वर घेता येते, पण खाच जास्त खोल कापली की ती भरून येत नाही. त्याला तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात आणि सराव लागतो.

मावशीचा तंबोरा वर्षातून एकदा जवारीला लागतो. मिरजेहून एक कारागीर येतात, पुण्यात चार-पाच घरं करतात. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस गेले आणि ते हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ते आले त्या दिवशी आम्ही गिटार घेऊन नारायण पेठेत गेलो. मला संकोच वाटत होता. त्यांनी मात्र गिटार आडवी धरली, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली आणि म्हणाले, "मान चांगली धरलीय. अटी लई उंच ठेवलीय की."

मान आम्ही धरली होती. लेकीनं माझ्याकडे बघितलं.

त्यांनी पिशवीतून कानशी काढल्या, त्यातली सगळ्यात बारीक निवडली. आधी तार सैल करून बाजूला घेतली. खाचेत कानस मागच्या बाजूला उतरती धरून तीन-चार हात, तार परत बसवून, दाबून, फट बघून, पुन्हा दोन हात. खाचेची पुढची, फ्रेटकडची कड उंच राहिली पाहिजे, नाहीतर तार तिथे सतारीसारखी झणझणते, असं ते म्हणाले. मला ते ऐकून गंमत वाटली. तंबोऱ्यात हेच झणझणणं आणायला ते जवारी काढतात. घोडीचा माथा अशा उतारानं घासतात की तार त्याला जाता जाता चाटत जाते आणि स्वरातून अनेक स्वर उमलतात. गिटारीत तार एका धारेवरून सुटली पाहिजे, कुठे चाटता कामा नये. एकाच हाताला दोन्ही येत होतं, आणि फरक फक्त उताराच्या दिशेचा होता. पाऊण तास लागला. पैसे त्यांनी मोठ्या मुश्किलीनं घेतले.

लेकीनं तिथेच, मावशीच्या शिसवी पलंगावर बसून एफ धरला. सहाही तारा वाजल्या. तिनं हात उचलला, परत धरला, परत वाजल्या. तिचा हात चार महिन्यांत काही वाढला नव्हता.

मागच्या स्प्रिंगांचं आणि पिकअपचं थोडक्यात सांगते. या घाटाच्या गिटारीत घोडी मागच्या स्प्रिंगांवर तोललेली असते. तारा बदलल्या की तोल बदलतो. नव्या माणसानं मागचे दोन स्क्रू आवळून घोडी अंगावर टेकवून टाकावी, सूर टिकतो. पिकअप तारांच्या फार जवळ नकोत, त्यातली चुंबकं तार ओढतात आणि स्वर डचमळतो. अॅम्पमधून येणारी घूं ही बहुतेक घरातल्या विजेची ५० हर्ट्झची असते. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप ती पकडतातच. गिब्सनमधल्याच सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये दोन उलट वेटोळी जोडून ती मारायचा उपाय काढला, हंबकर तो हाच. पण तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर गिटारीचं वायरिंग बरोबर आहे असं समजावं आणि आधी घरातलं अर्थिंग तपासावं.

शेवटचं राहिलं ते इंटोनेशन, आणि माझा जीव खरा तिथे अडकला.

बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर. आमच्या गिटारीची तार ६४८ मिलिमीटर, म्हणजे मध्य ३२४वर. तिथे तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून छेडलं की वरचा षड्ज निघतो, काचेसारखा. त्याच जागी तार दाबून छेडलं की तोच स्वर निघायला हवा. पण दाबताना तार थोडी ताणते आणि स्वर चढतो. ती चूक भरून काढायला सॅडल मागे नेऊन तारेची लांबी किंचित वाढवायची. दाबलेला स्वर चढा आला तर मागे, उतरा आला तर पुढे. प्रत्येक तारेचं म्हणणं वेगळं, म्हणून शेवटी सहा सॅडल तिरप्या पायऱ्यांसारखे दिसतात. लेकीनं हे एकटीनं केलं. स्क्रू पाव फेरा, सूर लावा, तपासा, परत. दोन तास. सहाही तारांवर ट्यूनर हिरवा झाला तेव्हा तिनं मावशीला फोन करून सांगितलं, "मावशीआजी, लागली."

पुढच्या रविवारी परत नारायण पेठ. बॅटरीवरचा छोटा अॅम्प सोबत. मावशीचा षड्ज वयाबरोबर उतरत हल्ली पांढरी तीनवर आलाय. पांढरी तीन म्हणजे गिटारीचा ई. तिनं तंबोरा लावला, लेकीनं ई कॉर्ड छेडला. मावशीनं डोळे मिटले.

"षड्ज-पंचम छान लागलाय. गंधार चढा आहे."

"नाही मावशीआजी, हिरवा आहे." लेकीनं तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबून ट्यूनर दाखवला.

"असेल हिरवा. चढा आहे."

दोघी बरोबर होत्या. गिटारीचे फ्रेट असे ठोकलेले असतात की प्रत्येक पुढच्या स्वराची कंपनसंख्या मागच्याच्या १.०५९५ पट, बारा पायऱ्या सारख्या. त्या हिशोबात शुद्ध गंधार षड्जाच्या १.२६ पट येतो. तंबोऱ्यातला गंधार तसा नाही. खर्जाची तार छेडली की तिच्या स्वतःच्या पोटातून, पाचव्या अंशस्वरातून (मूळ स्वराबरोबर आपोआप वाजणाऱ्या वरच्या स्वरांपैकी एकातून) जो गंधार उमटतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो नेमका सव्वापट असतो. दोघांतला फरक अर्ध्या सुराच्या सातव्या भागाएवढा. मावशी साठ वर्षं त्या सव्वापटीच्या शेजारी बसून गायलीय. तिला तो ऐकू येणारच.

पेटीचंही हेच. आकाशवाणीवर १९४०पासून १९७१पर्यंत पेटीला बंदी होती, त्यामागे जी कारणं सांगत त्यातलं एक हे बारा ठोकळ स्वरांचं. आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तर १९१० सालीच सप्तकातल्या बावीस श्रुतींचं, म्हणजे सूक्ष्म स्वरांचं, गणित मांडणारं पुस्तक पुण्यातून काढलं होतं. त्या कामात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या सोबतीला होता. स्वर मोजायचा आणि मग कानाला विचारायचा, ही खटपट या भागात शंभर वर्षं जुनी आहे. मी फीलर गेज घेऊन बसले तेव्हा मला ते माहीत असतं तर आणखी धीर आला असता.

लेकीनं काही न बोलता तिसऱ्या तारेची खुंटी किंचित सोडली. छेडलं. आणखी किंचित.

"हं," मावशी म्हणाली. "आला."

मलाही ऐकू आलं. कॉर्डमध्ये जे बारीक थरथरणं होतं ते एकदम निवलं, आणि गिटारीचा आवाज तंबोऱ्यात मिसळून गेला. ट्यूनर लाल होता. मग लेकीनं सी धरला, आणि ती उतरवलेली मोकळी तार त्यात बेसूर बोलली. तिनं मान हलवली, खुंटी परत हिरव्यावर आणली, सी बरा झाला, ई बिघडला. असं दोन-तीनदा केलं. ट्यूनरवरचे आकडे वहीत लिहून घेतले.

मावशीनं तंबोरा छेडायचा थांबवला नव्हता. "परत ती तार उतरव," ती म्हणाली, आणि हळूहळू आलापाला लागली. षड्जावर बराच वेळ, मग रिषभाला नुसतं शिवून गंधारावर. लेकीनं ई धरला होता, चार मात्रांना एकदा हलकेच छेडत होती. अंधार पडेपर्यंत तिनं कॉर्ड बदलला नाही.